वाटीतला अंगठा

लतिकाला परवानगी मागायची सवयच नव्हती. दुसऱ्याच्या घरी गेली तरी मळून ठेवलेल्या कणकेत अंगठा दाबून बघायची आणि अजून दहा मिनिटं मुरू द्या, असा निकाल देऊन टाकायची. मी बँकेतला माणूस. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

दोन वर्षांपूर्वी आम्ही सुट्टीला मेक्सिकोला गेलो. आमची मुलगी अंतरा तिथे ग्वादालाहारात नोकरीला आहे. चर्च बघून बघून मी वैतागलो होतो, तेवढ्यात एका बाजारात झाडाखाली बसलेली, तिथल्या हुइचोल आदिवासींपैकी एक बाई दिसली. मांडीवर वाळलेल्या भोपळ्याची वाटी, आतून मेणाचा थर, आणि सुईच्या टोकावर एकेक मणी उचलून ती मेणात बसवत होती. मणी मोहरीपेक्षाही बारीक. त्यातून हरीण उमटत होतं, मक्याचं कणीस उमटत होतं. अंतरानं तिला विचारून आम्हाला सांगितलं की ही त्यांच्या डोंगरातली जुनी रीत. अशी वाटी देवापुढे ठेवली की मागणं देवापर्यंत पोचतं. मी दीड तास हललो नाही. कुठल्या देवळातही मी इतका वेळ बसलेलो नाही.

आणि लतिकानं वाकून वाटीच्या तळाशी अंगठा दाबला. मेण मुरलंय का, ते बघायला.

मी कपाळाला हात लावला. बाई मात्र हसली. तिनं तो ठसा बुजवला नाही, त्याच्याभोवती निळ्या मण्यांचं रिंगण घातलं आणि वाटी पुरी करून लतिकाच्या हातात दिली.

मागच्या सप्टेंबरात लतिका गेली. साधा ताप, चार दिवस. अंतरा इथे आमच्या मदन महलच्या घरी पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. पोरीला आईचं तोंडही दिसलं नाही. दहा दिवस ती घरात कुणाशी बोलली नाही आणि तशीच परत गेली. या मे महिन्यात तिचा फोन आला की येते आहे. काय काय काढून ठेवू, मी विचारलं.

"काही नको बाबा. फक्त आईचा अंगठा पाहिजे."

मी कामाला लागलो. लतिकाचा नियम होता, मे महिन्यात ट्रंकेतल्या प्रत्येक वस्तूला ऊन दाखवायचं. ती गेल्यापासून मी तिचे नियम तिच्यापेक्षा कडक पाळतो. दुसरं काही करता येत नाही. सकाळी दुलया, शाली, साड्या आणि शेवटी ट्रंकही गच्चीवर नेली. वाटी ट्रंकेतच असायची. तीही नेली आणि रिकाम्या ट्रंकेच्या पत्र्यावर ठेवली. मग अंतरासाठी चादर घ्यायला कमानिया गेटच्या बाजारात गेलो, आणि तिथल्या गर्दीत दुपार गेली.

परत आलो तेव्हा मेण पातळ होऊन तळाशी साचलं होतं. हरीण, मका, सगळे मणी त्यात घसरून पडलेले. ठसा नव्हता. लतिका गेली त्या दिवशी मी लोकांसमोर रडलो नव्हतो. त्या तापल्या गच्चीवर बसून मोठ्यानं रडलो.

वाटी खाली आणून कूलरसमोर ठेवली. मेण आळायला लागलं तशी मला दुर्बुद्धी सुचली. तळाशी मी माझा अंगठा दाबला. मग दोन दिवस सुईनं मणी लावत बसलो. हरीण काही जमलं नाही, रिंगण मात्र जमलं.

अंतरानं आल्या आल्या वाटी मागितली. खिडकीपाशी नेऊन ठशात अंगठा ठेवला. तो सैल बसला. तिनं वाटी उजेडात फिरवली.

"आईच्या अंगठ्यावर विळीची चीर होती," ती म्हणाली. "ती कुठं आहे?"

चौतीस वर्षं मी त्या हातचं जेवलो. ती चीर मला आठवली नव्हती.

मी सगळं सांगून टाकलं. ऊन, ट्रंक, चादर, माझा अंगठा. तिनं एवढंच विचारलं, "काहून केलं बाबा असं?" आणि आतल्या खोलीत जाऊन पडली. पुढचे चार दिवस आम्ही जेवणापुरते बोललो. ती वाटी खिडकीतच राहिली, आणि मी तिच्याकडे पाठ करून बसायचो.

जायच्या दिवशी तिनं वाटी टॉवेलात गुंडाळून बॅगेत ठेवली.

"तो आईचा नाही," मी म्हणालो.

"मालूम आहे. आईचा नाही भेटला. तुमचा तरी वेळेवर घेऊन जाऊन राहिली."

तिनं बॅगेची चेन लावली. खाली ऑटो उभी होती. उन्हात ठेवू नको, एवढंच मला सुचलं.