बाहीने पुसलेला चेहरा

बंदूक टेबलावर आली आणि नक्षीकार क्लोदियसने तिला ओळखलं ते तिच्यावर कोरलेल्या कुत्रीवरून. एक कान मुडपलेली अशी कुत्री सगळ्या सँत-एतिएन गावात त्याच्याशिवाय कुणी कोरलीच नव्हती.

"मालक गेला, पुतण्याला मिळालीय," बंदुकांच्या व्यापाऱ्याचा माणूस पेराशों म्हणाला. "नक्षी झिजलीय म्हणतो, पुन्हा उठून दिसली पाहिजे. आणि जरा हात चालव बाबा, तितर काय तुझी वाट बघत बसणार आहेत?"

क्लोदियसचं लक्षच नव्हतं. चापाच्या वरच्या पोलादी पट्टीवर कुत्रीशेजारी नेम धरून उभा होता तो शिकारी म्हणजे त्याचा पोरगा बेनवा! सोळा वर्षांचं कार्टं, झाडू खांद्याला लावून याच खिडकीपाशी उभं राहिलं होतं. "बाबा, हात भरून आला, मारा की तो तितर एकदाचा!" म्हणून सारखी भुणभुण. बापाने त्याला हुबेहूब कोरला. तेवढीच काय ती त्याची आठवण. फोटो लग्नातच काढायचा ठरलं होतं. आणि पोरगं असलं हट्टी, "कोरत बसून मला नाही डोळे फोडून घ्यायचे" म्हणत कोळशाच्या खाणीत गेलं. तिथे वायू पेटला. जे काही वर आलं ते त्याच्या आईला, फिलोमेनला, कुणी बघू दिलं नाही. बरंच केलं.

पेराशों जिना उतरतोय तोवरच क्लोदियस ओरडला, "फिलोमेन! अगं धाव, बेनवा आलाय!"

काय बोलून बसलो ते त्याला बोलल्यावर कळलं. ती बटाटे किसत होती, तशीच भरल्या हातांनी आली. दाराकडे बघू लागली.

"कुठाय?"

"बंदुकीवरचा गं. तो, कोरलेला."

हात एप्रनला पुसून ती जवळ आली. क्लोदियसने तेलाच्या फडक्याने पट्टी पुसली. बूट दिसले, बुटांच्या नाड्या दिसल्या, गवताचं पातं न् पातं दिसलं. कॉलरच्या वर मात्र काही नव्हतं. टोपीची कड आणि हनुवटीचा एक तुकडा, बस्स. म्हाताऱ्या मालकाला बंदूक कोपराच्या खोबणीत धरून रानात हिंडायची सवय असणार. कोटाची बाही वर्षानुवर्षं नेमकी तिथेच घासत राहिली.

"मेल्याला घासायला दुसरी जागा नव्हती!" फिलोमेन म्हणाली. मग म्हणाली, "तूच कोरला होतास ना? मग कोर पुन्हा. काम तेच दिलंय तुला."

"अगं, पण..."

"मला एकदा बघू दे रे त्याला. मला त्याचं नाक आठवत नाही आता. आईला आपल्या पोराचं नाक आठवू नये? लाज वाटते मला."

क्लोदियसलाही आठवत नव्हतं. हिला तरी आठवत असेल, एवढ्या भरवशावर तो इतकी वर्षं निश्चिंत होता.

त्याने पट्टी सुटी करून विस्तवात तापवली, मऊ केली, नाहीतर कडक पोलादावर कोरणी चालत नाही. खिडकीशी बसला. टोपी झाली, कान झाला. नाकाशी आला तसे त्याने डोळे मिटले आणि वाट पाहिली. पण हात कुठला थांबायला! उभा जन्म त्या हाताने शिकारीच कोरले होते: सरळ नाक, वर चढलेली भुवई, पिळदार मिशी. हाताने तेच केलं. मिशी तेवढी त्याने अडवली.

भिंगातून पाहिलं, तर चेहरा झकास होता. गावातल्या कुठल्याही दुकानात, कुठल्याही बंदुकीवर सापडला असता. खरवडून टाकावा, तर पट्टी आधीच इतकी पातळ झालेली की खरवडायला पोलादच उरलं नव्हतं.

फिलोमेन मागे उभी होती. पट्टी घेऊन ती उजेडात गेली आणि बराच वेळ बघत राहिली.

"हाच," ती म्हणाली. "अगं बाई, हाच! नाक बघ, थेट तुझ्या आईचं. सूप नको असलं की असाच बघायचा, लबाड." आणि ती हसली. किती वर्षांनी हसली! बोट लावायला गेली आणि चटकन मागे घेतलं. "नको, पुसेल."

क्लोदियसने तोंड उघडलं. सांगायला हवं होतं, पण कुठल्या तोंडाने सांगणार?

"हो," तो म्हणाला. "हाच."

पट्टी पुन्हा कडक करण्याआधी कारागीर काजळी चोळून कागदावर छाप घेतात, तशी तिने मागून घेतली आणि पलंगावरच्या क्रूसाशेजारी लावली. बंदूक पेराशोंने नेली. पुतण्या खूश झाला म्हणे.

जेवताना फिलोमेनने चमचा खाली ठेवला आणि डोळे मिटले.

"आता कसा लगेच दिसतो बघ," ती म्हणाली. "तुला दिसतोय?"

क्लोदियसनेही डोळे मिटले. त्यालाही तोच दिसला, बिनमिशीचा शिकारी. झाडू धरून भुणभुण करणारं कार्टं काही आलं नाही.