स्वयंपाक बिघडवायचा हुकूम

"साहेब, आज स्वयंपाक बिघडवायचा हुकूम द्या," मामा म्हणाला आणि त्याने पातेल्यावर झाकण ठेवलं.

मामा म्हणजे तुकडीचा आचारी. चूल अशी पेटवायचा, की अन्न रटरटायचं आणि डोंगरापलीकडच्या शत्रूच्या तोफांना धुराची रेघही दिसायची नाही. जवानांना तो भाच्यांसारखं झापायचा, म्हणून सगळ्यांचा मामा.

तोफा सकाळपासून उतार भाजून काढत होत्या. खंदकात तिघे जखमी होते. उतार ओलांडून त्यांना इस्पितळात नेलं नाही, तर ते संध्याकाळ बघणार नव्हते. मामाचं म्हणणं, लांबच्या ओढ्यात जाऊन आपण स्वतः ओली लाकडं पेटवू. धूर दिसला की नवी फौज आली असं वाटून तोफा तिकडे वळतील.

कॅप्टन मामाच्या थोरल्या भाच्याच्या वयाचा. एखाद्या जवानाला पाठवतो म्हणाला, तर मामा उखडलाच. ही पोरं नुसता जाळ करतील. धूर काढायला अक्कल लागते, आणि तो होऊ न देण्यात आपला जन्म गेलाय.

"त्यांना वाटलं पाहिजे, वऱ्हाड उतरलंय."

खंदकात हशा पिकला. एक जखमीही हसला. जखम उघडेल म्हणून मामाने त्याला दम भरला.

ठरलं असं: तिन्ही स्ट्रेचर उतारापलीकडच्या वळणाआड गेली, की कॅप्टनने लाल टॉवेल वर धरायचा आणि मामाने परतायचं.

धूर.

पांढरा, आळशी, ओल्या गवताचा. तोफा गप्प झाल्या. विचारात पडल्या. वळल्या.

धूर.

काळाकुट्ट, रबराचा. माझे हरवलेले बूट तेच, हवालदार म्हणाला. पहिलं स्ट्रेचर वळणाआड गेलं.

मग गोळा पडला आणि धूर विझला. जरा पलीकडे पुन्हा निळसर वेटोळं उठलं, तेव्हा खंदकात टाळ्या पडल्या. दुसरंही गेलं.

पुढचा धूर उठेचना. कॅप्टनने दुर्बीण लावली. मामा एक पाय ओढत सरपटत होता. तोंड मात्र चालूच होतं. लाकडांचा उद्धार करत असणार.

तिसरं स्ट्रेचर उताराच्या मधोमध होतं. कॅप्टनने टॉवेल वर धरला.

खूण खोटी होती.

मामाने टॉवेल पाहिला. मग उतार पाहिला. जेवणाआधी पातेल्यात डोकावणाऱ्या पोराला दटावावं तसं बोट हलवलं आणि तो फुंकर घालायला वाकला.

"मामा, या ना हो," कॅप्टन पुटपुटला. तिथवर काय ऐकू जाणार.

धूर उठला. असा भरगच्च, की कोणीतरी नकळत शीळ घातली. तिसरं स्ट्रेचर वळणाआड गेलं. त्याच वेळी तोफेला नेम सापडला.

ओढ्यावर बराच वेळ माती खाली येत राहिली.

कॅप्टनचा हात अजून वरच होता. हवालदार शेजारी येऊन उभा राहिला.

"तिघेही पोचले, साहेब," तो म्हणाला, आणि मनगट धरून त्याने तो हात हळूच खाली घेतला.