बेताची वीज

डेल्मरने एसीचं बटण बंद केलं, सूपचा वाडगा मायक्रोवेव्हमध्ये ठेवला आणि आतल्या खोलीकडे तोंड करून हाळी दिली, "लावू का?"

"लाव!" आतून रोझली म्हणाली. एके काळी हा आवाज मोटारहोम लावायच्या अख्ख्या पार्कात ऐकू जायचा. आता पडद्यापर्यंत येता येताच त्याची दमछाक होत होती.

ही हाळी म्हणजे त्यांच्या संसाराची रीतच. मोटारहोम, म्हणजे त्यांचं चाकांवरचं घर, जुनं; बाहेरच्या खांबावरून मिळणारी वीज बेताची. एसी चालू असताना दुसरं काही जड लावलं की ब्रेकर पडलाच म्हणून समजा. मग भर उन्हात पायजमा सावरत खांबाशी पळायचं आणि वर शेजाऱ्यांची थट्टा ऐकायची. त्यापेक्षा ज्याला काही लावायचं असेल त्याने आधी विचारायचं, दुसऱ्याने आपलं चालू असेल ते बंद करायचं आणि मग "लाव" म्हणायचं. कधी तिची इस्त्री, कधी त्याचं ड्रिल. कडाक्याचं भांडण होऊन अबोला धरलेला असला, तरी एवढे दोन शब्द कधी चुकले नाहीत.

आजकाल विचारायची तशी गरज नव्हती. रोझलीची फुप्फुसं थकली होती आणि ती पलंगाला खिळली होती. उशाशी ऑक्सिजनचं मशीन घरघरत असायचं, पण ते बिचारं कितीशी वीज खाणार! एसीचं बटण ओट्याजवळ, ते डेल्मरच बंद करायचा. तरीही तो विचारायचा. तिला बरं वाटतं म्हणून, असं तो स्वतःला सांगायचा. खरं तर ते "लाव" ऐकल्याशिवाय त्यालाच घास गोड लागत नसे.

वाळवंटातल्या युमा गावचा जुलै महिना. थंडीत उबेला येणारी मंडळी कधीच उत्तरेकडे परतली होती, पार्क ओस पडला होता. मुलगी क्रिस्टेन रोज फोन करून तेच ते सांगायची. तिच्या गावी, बॉइसीला, एका शुश्रूषागृहात खोली मिळत होती. तिथे चोवीस तास नर्स असते, भिंतीसुद्धा गार असतात.

"तिला याच गाडीत राहायचंय," डेल्मर म्हणायचा. "शेवटपर्यंत. मी शब्द दिलाय तिला."

"बाबा, शब्द धरून बसाल आणि आई गुदमरेल! योलांडा म्हणत होती, दुपारचा ऑक्सिजनचा आकडा रोज खाली जातोय."

ते मात्र खरं होतं. नर्स योलांडा सकाळी येऊन रोझलीच्या बोटाला चिमटा लावायची तेव्हा आकडा बरा असायचा. जेवणाच्या सुमाराला आली, की ओठ निळसर आणि आकडा घसरलेला. उष्मा सोसत नाही, असं योलांडाचं मत. डेल्मरने खिडक्यांना चंदेरी पत्रे लावले, छपरावर ताडपत्री घातली. उपयोग शून्य. शेवटी क्रिस्टेनने बजावलं, की ती शनिवारी येऊन स्वतःच्या डोळ्यांनी बघणार आणि मग ठरवणार.

सूप गरम होत असताना डेल्मरला आठवलं, की रोझलीला त्यात मका नको असतो. विचारावं म्हणून त्याने पडदा सारला.

मशीन बंद होतं. रोझली उशीवर कलून पडली होती, तोंड उघडं, मासळीसारखी हवा ओढत. तिचा हात मशीनच्या बटणावर होता. त्याला बघून ती हसली.

"झालं का तुझं?"

डेल्मरने झडप घालून मशीन चालू केलं.

"हे काय केलंस तू? रोझ! हे का बंद केलंस?"

"असं काय रे? तूच तर विचारलंस." तिने दम घेतला. "बघ ना, हल्ली एकदाही ब्रेकर पडला नाही."

डेल्मर मटकन पलंगाच्या कडेवर बसला. आधी सूप, मग कॉफी, आणि त्यानंतर कुठे एसी; तोवर हिचं मशीन बंदच. इतके दिवस, रोज दुपारी. आपण हौसेने हाळी देत होतो आणि ही श्वास बंद करून "लाव" म्हणत होती. त्याला हुंदका आवरेना.

"अगं वेडे, हे मशीन कधीच बंद करायचं नाही. याने काही होत नाही. समजलं?"

"समजलं रे बाबा. लहान आहे का मी?"

संध्याकाळी क्रिस्टेनचा फोन आला. डेल्मर तिला काहीच बोलला नाही. दुखणं सापडलं होतं. आता आकडा सुधारेल, शनिवारी मुलगी बघेल आणि मुकाट्याने परत जाईल. त्याने मायक्रोवेव्हची पिनच काढून ठेवली. यापुढे पाव आणि गार मांस. हाळी नाही की काही नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो ओट्याशी उभा राहून कोरडा पाव चावत होता. उन्हाने कहर केला होता. खांबावरची वीज लुकलुकली आणि एसी आपला आपणच थांबला. डेल्मरने कशालाही हात लावला नव्हता, तोंडातून शब्द काढला नव्हता.

"लाव!" आतून आवाज आला, आणि पाठोपाठ मशीनची घरघर थांबली.

तो धावला. मशीन चालू करून त्याने तिचा हात दोन्ही हातांत घट्ट धरला.

"रोझ, काल काय ठरलं होतं?"

"हो रे." तिला खरंच ओशाळल्यासारखं झालं. "पण एसी थांबला की वाटतं, तुला भूक लागली असेल. हात आपोआप जातो."

खिशातून फोन काढून डेल्मरने तिथेच बसून क्रिस्टेनला लावला.

"शनिवारची वाट बघू नकोस पोरी. आजच नीघ. घेऊन जा तिला."

"काय झालं बाबा? एसी बिघडला का?"

"एसी ठीक आहे. इथे राहिली तर मला जेवू घालता घालता मरेल गं ती."

"कुणाशी बोलतोयस?" रोझलीने डोळे मिटूनच विचारलं. "आधी काहीतरी गरम खाऊन घे."

"खातो," तो म्हणाला. पण जागचा उठला नाही. एक हात मशीनच्या बटणावर झाकून, क्रिस्टेन येईपर्यंत तो तिथेच बसून राहिला.