पाचवी लाट

या, असे जवळ सरकून बसा. मागच्यांनी पुढे या, पुढच्यांनी मांडी आवरा. आज देवादिकांची नाही, एका पोरीची गोष्ट सांगायची आहे, आणि ती ऐकताना देवही खाली मान घालील.

तिचे वडील पाट्या रंगवायचे. पोर जिभेची तिखट, म्हणून ते तिला ठिणगी म्हणत. रंगाच्या डब्यांत बसूनच ती राज्याचा इतिहास शिकली: राज्याचा पक्षी, राज्याचं फूल आणि राजचिन्हातल्या पाच निळ्या लाटा. एकेक लाट म्हणजे एकेक खोरं.

"आणि शेवटची, बारकी?" वडील विचारत.

"आपली! आजीचं खोरं. धरणात गेलं."

"गेलं नाही, दिलं. राजधानीला पाणी मिळावं म्हणून आजीनं चुलीवरचं उतरवून घर सोडलं. सरकारनं शब्द दिला, गाव बुडेल पण तुमची लाट कुणी पुसणार नाही."

राज्याच्या वर्धापनदिनी शाळेत ठिणगीचं भाषण ठरलं. महिनाभर घरात तेच. "बाबा, आता झोपेतही लाटाच दिसतात मला!" त्या सकाळी वेणी घालताना वडील म्हणाले, "पाचव्या लाटेवर आवाज चढव हं."

सभागृहातल्या जुन्या राजचिन्हाला नव्यानं रंग दिला होता. त्यावर पडदा होता. ठिणगी बोलायला लागली, पाहुण्यांनी पडदा ओढला, आणि ती आवाज चढवून म्हणाली, "पाचवी लाट माझ्या आजीची!"

पोरं खो खो हसली. "अगं, मोजता येतं का तुला? चारच आहेत!"

ती वळली. खरंच चार. पाचवीच्या जागी कोरा पांढरा रंग. तिनं जवळ जाऊन बोट फिरवलं. तेलरंगाचा जुना काठ नव्या रंगाखाली बोटाला लागत होता. लाट तिथंच होती, झाकलेली. मग तिला वरच्या लाटांची टोकं दिसली. कुंचला उचलताना जरासा वर झटका. असा झटका देणारा हात तिनं जन्मापासून पाहिला होता.

वडील व्यासपीठाच्या पायऱ्यांपाशी उभे होते.

"बाबा, तुम्ही पुसलीत?"

"वरून नवा नमुना आला, बाळ. मी नसती पुसली तर दुसऱ्यानं पुसली असती."

"दुसऱ्यानं पुसली असती, तर मी दुसऱ्यावर रागावले असते."

मुख्याध्यापिका बाई हलकेच म्हणाल्या, "चार म्हण गं, आणि ये खाली." ठिणगी हलली नाही. बाईंकडे तिचं लक्षच नव्हतं. ती बापाच्या तोंडाकडे पाहत होती, आता तरी काही बोलतील म्हणून.

ते बोलले. जमिनीकडे बघत, अगदी पुटपुटल्यासारखं.

"चार म्हण, बेटा."

सरकारनं शब्द मोडला, ते सरकारचं झालं. पण हे?

ती खाली उतरली आणि दाराकडे चालू लागली. रस्ता ओलांडताना मागोमाग आलेल्या वडिलांनी सवयीनं हात पुढे केला. तिनं दोन्ही बाजूंना नीट पाहिलं आणि एकटीच पलीकडे गेली.

निजताना देवाचं नाव घ्याल, तेव्हा या पोरीचीही आठवण ठेवा. तिचं खरं नाव ठाऊक नसलं तरी चालेल. ज्याला कळायचं, त्याला कळेल.