उचललेली बकेट

गजेंद्रनं तो छोटा ट्रॅक्टर बाळापूरकडच्या एका माणसाकडून जुनाच घेतला होता, पुढच्या लोडरसकट. दर्यापूर तालुक्यातल्या त्यांच्या गावात असा लोडर दुसऱ्या कोणाकडे नव्हता. शेणखत भरणं, मुरूम पसरवणं, गोठ्यापुढचा चिखल ओढून काढणं, सगळं त्याच्यावर व्हायचं. चालवायची मात्र बहुतेक वेळा त्याची बायको साधना. तिचा हात आपल्यापेक्षा हलका आहे, असं गजेंद्र स्वतःच लोकांना सांगायचा.

सोयाबीन निघालं, हरभऱ्याची पेरणी तोंडावर आली आणि नेमके तेव्हाच लोडरचे पाइप दगा द्यायला लागले. लोडरच्या दोन लोखंडी बाह्या आणि त्यांच्या टोकाची बकेट, म्हणजे मोठं लोखंडी खोरं, तेलाच्या दाबावर वर-खाली होतात, आणि ते तेल काळ्या रबरी पाइपांतून जातं. उन्हानं ते पाइप तडकले होते. साधना अंगणात मुरूम भरत असताना बकेट वाकवणारा पाइप फाटकन फुटला आणि जमीन तेलानं काळी झाली. गजेंद्रनं तो पाइप खोलून काढला आणि त्याच्या जागेची तोंडं बंद करून टाकली. बकेट मुरमानं भरलेली तशीच राहिली.

"अकोल्याले जातो न हा एक बनवून आणतो," तो म्हणाला.

"न बाकीचे? हे पाहा, याची आतली तार दिसून राहिली."

"ते चालतीन या हंगामात."

"सारे एकाच वयाचे हायेत. एक गेला म्हंजे दुसराही जाईन."

"मंग चालू कर. भरल्या बकेटीनंच पाहू, कोन्ता पाझरते ते."

साधना सीटवर चढली. इंजिन सुरू झालं. तिनं दांडी ओढली तशा बाह्या हळूहळू वर गेल्या. गजेंद्र बाजूला वाकून पाइप न्याहाळत होता.

"अजून वर घे," तो ओरडला.

तिनं बकेट पार डोक्यावर नेली. डाव्या बाहीच्या सांध्यापाशी धुरासारखं काहीतरी उडत होतं, इतकं बारीक की ते तेल आहे हे उन्हाकडे पाहिल्याशिवाय कळलं नसतं. भोक सापडेना म्हणून गजेंद्रनं पाइपावरून बोट फिरवलं. लगेच झटका बसल्यासारखा हात मागे घेतला.

साधनानं चावी फिरवून इंजिन बंद केलं. "काय झालं?"

"काई नाई. तार टोचली असन."

अंगठ्याजवळच्या बोटावर एक ठिपका होता. बोरीचा काटा रुतून निघाल्यावर राहतो तेवढाच. रक्त नव्हतं. गजेंद्रनं बोट पँटीला पुसलं.

"बकेट खाली घेऊ?"

"राहू दे. चालू केली तं अजून तेल उडन. पाइप आनल्यावर पाहू."

मोरीवर तो साबणानं हात धूत असताना साधनाला ते बोट परत दिसलं. पुढचं पेर पांढरं पडलं होतं, दिवसभर पाण्यात राहिल्यासारखं. तिनं हात लावून पाहिला. बाकीचा हात गरम होता आणि तेवढं बोट गार.

"दुखते का?"

"नाई ना. दुखत नाई तं कायचं टेन्शन घेतं?"

न दुखणंच तिला आवडलं नाही. "मीबी येतो अकोल्याले," ती म्हणाली आणि फुटका पाइप पिशवीत घालून मोटारसायकलवर मागे बसली.

गाव सुटल्यावर काही वेळ गजेंद्र नेहमीसारखा बोलत होता. पेरणीचं, जमिनीतल्या ओलीचं, शेजारच्या धुऱ्या-बांधाचं. मग बोलणं कमी झालं. पूर्णा नदीच्या पुलाच्या अलीकडे त्यानं गाडी बाजूला घेतली.

"साधना, तू चालव."

"काऊन?"

"मूठ वळत नाई."

त्यानं हात पुढे केला. बोट सुजून तट्ट झालं होतं आणि कातडी चमकत होती. सूज तळहातात उतरली होती. पांढरं पेर आता जांभळट दिसत होतं. त्याच्या कपाळावर घाम होता, आणि तो उन्हाचा नव्हता.

साधना पुढे बसली. पुलावरून जाताना खालून वारा येत होता. मागे गजेंद्र हात वर धरून बसला होता. दर खड्ड्याला त्याच्या तोंडून दबका आवाज निघायचा. साधनानं एकदा विचारलं, "थांबू का?" तर तो म्हणाला, "नको. चाल." नंतर त्यानं कपाळ तिच्या पाठीला टेकवलं. लग्नाला एवढी वर्षं झाली, पण भर रस्त्यात त्यानं असं कधी केलं नव्हतं.

अकोल्यात पाइप बनवून देणारा देवानंद त्यांच्या ओळखीचा होता. साधनानं पिशवी त्याच्या टेबलावर ठेवली. त्यानं पाइप काढला, मापायला घेतला आणि मग त्याची नजर गजेंद्रच्या हातावर गेली.

"भाऊ, हे याच पाइपानं झालं?"

"दुसऱ्या. बारीक पाझरत होता. बोट लावून पाहिलं."

"इंजिन चालू होतं?"

"हाव."

देवानंदनं पाइप खाली ठेवला. "हे टोचनं नोहे. तेल आत शिरलं हाये. आमच्या एका गिऱ्हाइकाचा हात कोपरापासून गेला असाच. तुमी इथी बसू नका."

"तू पाइप बनवून दे पयले. मंग जातोच," गजेंद्र म्हणाला. त्याचे दात एकमेकांवर आपटत होते. "पेरनी..."

"अवो, हात पाहा तुमचा!" साधना म्हणाली.

देवानंदनं कामावरच्या माणसाला दुकान सांभाळायला सांगितलं आणि स्वतःच ऑटो आणला. "वहिनी, डॉक्टरले सांगजा, दाबाचं तेल हाये. काटा-बिटा सांगू नका. पाइप मी सारेच बनवून ठेवतो."

दवाखान्यातल्या सर्जन जुईली मॅडम वयानं लहान होत्या. त्यांनी बोट दाबलं नाही, नुसतं फिरवून पाहिलं. केव्हा झालं, शेवटचं काय खाल्लं, एवढं विचारलं आणि नर्सला ऑपरेशनची तयारी करायला सांगितलं.

"एवढ्याशा ठिपक्यासाठी ऑपरेशन?" गजेंद्रनं विचारलं.

"ठिपका बाहेरून आहे. आत तेल पार मनगटाकडे सरकलेलं असणार. ते रक्ताला पुढे जाऊ देत नाही. हात उघडून धुवावा लागेल." मग साधनाकडे वळून त्या हळू आवाजात म्हणाल्या, "बोटाचं मी आत्ता सांगू शकत नाही. हात राखायचा प्रयत्न करू."

गजेंद्रला आत नेलं. त्याचं घड्याळ आणि कमरेचा करदोटा साधनाच्या ओंजळीत राहिला. बाकावर बसल्यावर तिला आपलीच मूठ पुन्हा पुन्हा दिसू लागली, दांडीवर आवळलेली. अजून वर घे, तो म्हणाला होता आणि तिनं घेतली होती.

घरी सासू एकटी होती. तिला कळवायला हवं होतं. साधनानं फोन लावला. मैनाबाईंनी बऱ्याच वेळानं उचलला.

"पोचले का व? पाइप भेटला?"

"आत्याबाई, यांच्या हाताले लागलं. डॉक्टरनं ठेवून घेतलं हाये. घाबरू नका." 

"लागलं? किती लागलं? मले काऊन नाई सांगतलं सकाळी?"

"सांगतो सारं. तुमी जेवल्या का? कुठी हा?"

"कुठी असन? अंगनात. बियान्याचा हरभरा निवडून राहिली. घरात दम कोंडते. इथी तुया यंत्राची सावली हाये, न वाराबी चांगला हाये."

साधना उभी राहिली. करदोटा खाली पडला.

"बकेटीखाली बसल्या तुमी?"

"हाव. पन काय व, हे आपोआप खाली येते का? मंगाशी उभी रायली तं डोक्याच्या वर होती. आता पानी प्याले उठली तं खांद्याले लागली."

दवाखान्याच्या व्हरांड्यात नर्सची ट्रॉली खडखडत गेली. साधनाच्या डोळ्यांपुढे तो सांधा आला, तो धूर आणि सोललेल्या रबरातून दिसणारी तार. मुरमाचा सगळा भार त्या तारेवर होता. सकाळपासून.

"आत्याबाई, उठा. आत्ता उठा. बाजूले व्हा."

"अव, सुपातला एवढा रायला..."

"सूप सोडा! उठा म्हनतो ना! निंगा तिथून!"

सासूवर ती आजवर कधी ओरडली नव्हती. व्हरांड्यातली माणसं बघायला लागली. पलीकडे बांगड्या वाजल्या, गुडघ्यावर हात टेकवताना मैनाबाई नेहमी कण्हायच्या तसं कण्हणं आलं. "काऊन वरडते एवढी, उठली ना मी..." आवाज दूर गेला. मग फट्ट असं काही तुटलं आणि पाठोपाठ जमिनीत बसणारा जड धक्का. फोन कुठेतरी आपटला.

"आत्याबाई!"

काही नाही. दूरवर कोंबड्या ओरडत होत्या. आणखी एक आवाज होता, तव्यावर पाणी चरचरावं तसा, आणि तो हळूहळू कमी होत गेला.

"आत्याबाई! बोला ना! आई!"

कोणीतरी साधनाच्या खांद्यावर हात ठेवला. तिनं तो झटकला. बराच वेळ ती नुसती ऐकत राहिली. मग फोनजवळ पावलं घासली आणि मैनाबाईंचा श्वास ऐकू आला, फार उथळ.

"साधना," त्या म्हणाल्या. "सूप गेलं माय."

गजेंद्रचं बोट वाचलं नाही. हात दोनदा उघडून धुवावा लागला. दुसऱ्या वेळी जुईली मॅडमनी बोट मुळापासून काढलं आणि सूज तिथेच थांबली. तो शुद्धीवर आल्यावर साधनानं त्याला अंगणातली गोष्ट सांगितली.

"मीच म्हनलं होतं, राहू दे," एवढंच तो बोलला, आणि तोंड भिंतीकडे केलं.

देवानंद पाइप घेऊन स्वतः गावी आला. बकेटीचं तोंड जमिनीत रुतलं होतं. खाली सुपाच्या काड्या आणि हरभऱ्याचा भुगा होता. त्यानं बाह्यांखाली लाकडी ठोकळे लावले आणि इंजिन बंद ठेवूनच दांड्या मागेपुढे हलवल्या, आतला दाब निघून जावा म्हणून. मगच जुने पाइप खोलले. साधनानं पान्यानं नवे आवळले. कुठे लोखंडाला घासू नयेत म्हणून दोघांनी ते बांधून घेतले. शेवटी इंजिन सुरू करून देवानंदनं पुठ्ठ्याचा एक लांब तुकडा सांध्यांपुढून फिरवला.

"पाझर पाहाचा तं असा. हात नाई," तो म्हणाला.

पुठ्ठा कोरडा निघाला. मैनाबाई दारातून बघत होत्या. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला त्या सुपाचं सांगायच्या, चांगलं बांबूचं होतं म्हणून. स्वतःबद्दल एक शब्द नाही. एकदा मात्र भाकरी थापता थापता त्या साधनाला म्हणाल्या, "तू वरडली नसती तं मी उठली नसती, पोरी," आणि पुन्हा पिठात हात घातला.

हरभरा उशिरा पेरला. पेरणी झाल्यावर गोठ्यापुढचं खत उचलायचं होतं. साधनानं बकेट भरून वर नेली. गजेंद्र अंगणाच्या टोकाला उभा होता. बँडेजचा हात त्यानं छातीशी धरला होता आणि दुसऱ्या हातानं आईचा दंड घट्ट पकडला होता.

"सोड रे, दुखते," मैनाबाई म्हणाल्या.

त्यानं सोडला नाही.