निम्मं चाक

आत्याने सांगितलेलं काम लहानसंच होतं. तिच्या कीबोर्डवरची आवाजाची सरकपट्टी झिजली होती. हळूच वर न्यायला जावं तर आवाज मध्येच उडी मारायचा. ते काम शेजारच्या रिकाम्या गोल बटणाला नेमून द्यायचं, बस्स.

पदार्थविज्ञानाची पदवी नुकतीच हातात पडलेल्या भाचीने ते चहा निवायच्या आत उरकलं. मग तिची नजर डावीकडच्या चाकावर गेली. दाबलेला सूर न सोडता वर-खाली वाकवायचं ते चाक. आत्या ते नेहमी निम्म्यापर्यंतच ढकलायची. सेटिंगमध्ये चाकाचा पल्ला चार अर्धस्वरांचा होता. निम्म्यात दोन, म्हणजे सा वरून नेमका रे. उरलेलं निम्मं चाक फुकट! तिने पल्ला दोनावर आणला. आता तोच रे गाठायला अख्खं चाक मिळणार, म्हणजे दुप्पट बारकावा. सुधारणा तिला इतकी उघड वाटली की आत्याला विचारायचं मनातही आलं नाही. तालमीनंतर सांगून चकित करू, असं ठरवून तिने बदल साठवला आणि तीही आत्याबरोबर तालमीला गेली.

आत्या नाटकाला प्रत्यक्ष संगीत द्यायची. पण डॉक्टरांनी तिचा डावा कान अधू झाल्याचं सांगितल्यापासून दिग्दर्शक आधीच ध्वनिमुद्रित केलेल्या संगीताची भाषा बोलू लागला होता.

"आज एकदा वाजवून दाखवा, ताई. जमलं तर तुम्हीच. नाही तर मुद्रित लावू, मनाला लावून घेऊ नका."

"लावायचं तेव्हा लावून घेईन," आत्या म्हणाली. "आधी ही बघा, माझी शास्त्रज्ञ. मोडकी पट्टी होती, हिने बटण कामाला लावलं."

"वा! घरचीच इंजिनिअर!" नाटकात बाप झालेला नट म्हणाला. भाची खुशीत भिंतीला टेकली.

मुलगी घर सोडून निघते, त्या जागेला कीबोर्डवरच्या बासरीचा सूर होता. आत्याने सा दाबला, अंगठ्याने चाक सवयीने निम्म्यापर्यंत नेलं. सूर रे पर्यंत पोचलाच नाही. कोमल रे वर अडकला. तिने दचकून आणखी ढकललं, तर तो फरफटत, उशिरा वर चढला. नटी दारात थबकली.

"पुन्हा घेते," आत्या म्हणाली. पुन्हा तेच झालं. तिने डोकं वळवून उजवा कान स्पीकरकडे केला. तरीही तेच.

भाचीला पहिल्याच वेळी कळलं होतं. तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

आत्याने मागे वळून हळूच विचारलं, "तू बटणाशिवाय काही हलवलंस का गं?"

सगळे बघत होते. "नाही," भाची म्हणाली. "फक्त बटणच."

आत्याने मान हलवली. तिला ते लगेच पटलं, हेच वाईट होतं. कीबोर्डची वायर काढत ती दिग्दर्शकाला म्हणाली, "तुमचंच खरं. मला बरोबर ऐकू येतंय असं वाटतंय, आणि तेच चुकतंय. मुद्रितच लावा."

तिने वायर गुंडाळायला घेतली. धरणीने पोटात घ्यावं असं भाचीला झालं, पण खाली फरशी होती आणि ती कुठे दुभंगत नव्हती.

"आत्या, थांब. चाकाचा पल्ला मी निम्मा केलाय. तुला बरोबरच ऐकू येतंय. मी आत्ता खोटं बोलले."

मग बाप झालेला नट म्हणाला, "अति शहाणा..." आणि म्हण अर्धीच सोडली.

"का केलंस?" आत्याने विचारलं.

"तू निम्मंच चाक वापरतेस ना, म्हणून."

"अगं, निम्म्यात रे असतो म्हणूनच निम्म्यावर थांबते. विचारायचंस तरी."

भाचीने वायर परत जोडली, पल्ला चार केला. तेवढं एक बटण दाबताना दोनदा चुकली. आत्याने वाजवलं. सा वरून रे असा सहज गेला की नटी दाराबाहेर पडलीसुद्धा. "ठरलं ताई, तुम्हीच," दिग्दर्शक म्हणाला.

परत जाताना आत्याने तिला वायरची पिशवी धरायला दिली, वाटेत चहाही पाजला. रागाचं अक्षर काढलं नाही.

पुढच्या तालमीला भाची पुन्हा भिंतीपाशी उभी होती. पूर्वी आत्या बसल्याबरोबर थेट सुरुवात करायची. आता तिने आधी एकच सूर दाबला, चाक निम्म्यापर्यंत नेऊन पाहिलं, पुन्हा एकदा पाहिलं, आणि मगच "हं, चला" म्हणाली. भाचीकडे तिने मुद्दाम पाहिलं नाही. भाचीने मात्र चाकावरून नजर काढली आणि फरशीकडे बघत राहिली.