बनुबाईच्या टॅबमधला आवाज

सकाळी पावणेनऊला बनुबाईच्या अंगणात एकोणसाठ माणसं जमली होती. डेअरीला दूध घालून परस्पर आलेल्यांच्या रिकाम्या किटल्या भिंतीकडेला रांगेत होत्या. मधोमध पाटावर शाळेचा टॅब होता. त्याच्या काळ्या कडेला हळदीकुंकवाची बोटं ओढलेली होती, काच उजळलेली होती आणि पुढ्यात वाल्मिक भगत मांडी घालून बसला होता.

"कोन हायेस तू?" असं विचारून भगतानं काचेवर बोट टेकवलं.

"बॅटरी चौसष्ट टक्के," टॅब बाईच्या आवाजात म्हणाला.

"चौसष्ट वर्सं भटकतंय," भगतानं उलगडा केला.

"आबा गेले तवा बहात्तर वर्षांचे हुते," माजी सरपंच काकासाहेब मागून म्हणाले.

"पयली आठ वर्सं धरत न्हाईत."

भगताचं बोट काचेवर सरकत गेलं आणि एका ठिकाणी थांबलं.

"कानिफनाथ," टॅब म्हणाला. "कॉल करण्यासाठी दोनदा टॅप करा."

कानिफनाथ म्हणजेच आबा, बनुबाईचे यजमान. त्यांना जाऊन तीन वर्षं झाली होती. शेहेचाळीस वर्षांच्या संसारात बनुबाईनं हे नाव एकदाही तोंडातून काढलं नव्हतं. तिनं पदर डोक्यावर ओढून घेतला आणि खाली बघितलं.

भगतानं झोळीतून लाल फडकं काढलं. टॅब त्यात गुंडाळून दोन्ही हातांनी छातीशी धरला आणि मंत्र सुरू केला, "ओम् फट्, रेंज फट्, टावरखालचं मसान फट्." एवढ्यात फडक्यातून इंग्रजीत काहीतरी पुटपुटल्यासारखं ऐकू आलं. फडकं सोडून त्यानं पुन्हा काचेवर बोट टेकवलं. आवाज नाही. एकोणसाठ जणांनी हात जोडले.

"आजच्यापुरती पीडा गेली," भगत म्हणाला. "उद्या सकाळी परत येनार."

आणि ती येतच होती. पाथर्डी तालुक्यातल्या बोरवंडमध्ये हा प्रकार दहा दिवस चालला होता.

टॅब होता बनुबाईच्या नातीचा, पंकजाचा. ती दहावीला. दिवाळी झाली की बोरवंडची निम्मी घरं ऊसतोडीला जातात. पंकजाचे आईवडील श्रीगोंद्याकडे निघाले तेव्हा वडील बिभीषण, म्हणजे तिचे दादा, तिलाही फडाजवळच्या खोपटात, कोपीवर, नेणार होते. कोपीवर गेलेली पोर वर्गात परत येत नाही, हे गावातल्या प्रत्येक घराला ठाऊक आहे. शाळेतल्या यामिनी मॅडमनी स्वतःच्या सहीवर शाळेचा टॅब तिला घरी दिला. अभ्यासही होईल आणि रोज संध्याकाळी लेकीचं तोंड दिसेल, या बोलीवर बिभीषण कसेबसे तयार झाले.

ते निघाले त्याच्या दुसऱ्याच सकाळी टॅब बोलायला लागला. पंकजानं घरच्यांना काही सांगितलं नव्हतं, पण गोष्ट गावाबाहेर गेली, आणि दहाव्या दिवशी संध्याकाळी श्रीगोंद्याहून बिभीषणचा रोजचा व्हिडिओ कॉल आला.

"पंके, मुकादम म्हनतो तुज्या टॅबात आबा बोलतेत."

"आबा न्हाई, बाईचा आवाज हाय."

"मंग अजूनच वाईट. भगत काय म्हनतो?"

"अमावस्येला टॅब त्याच्याकडं द्या म्हनतो. सव्वा महिना बांधून ठेवीन, मग इसर्जन."

"द्या. गुरुवारी आपला टेम्पो येतोय मानसं न्यायला. बारा वाजता फाट्यावर येऊन बस. कापडं दोनच घे."

अमावस्याही गुरुवारीच होती. पंकजा बुधवारी शाळेत गेली आणि विज्ञानाच्या वहीचं मागचं पान मॅडमपुढे ठेवलं. आवाज कधी आला, कधी गेला, हे तिनं तारीखवार लिहिलं होतं.

मॅडमनी पान दोनदा वाचलं. "रविवारी भगत आला नव्हता?"

"पाथर्डीला गेल्ता, मॅडम. दिवसभर बोलत हुता टॅब. एका बोटानं काही उघडंना, काही सरकंना."

"आणि सोमवारी सकाळी आपोआप बंद झाला?"

"व्हय. भगत म्हनला, म्या पाथर्डीहून मंत्र सोडला."

"सोमवारी बंद होण्याआधी टॅब कोणाच्या हातात होता?"

पंकजानं आठवून बघितलं. "आज्जीच्या. ती रोज पूजा करती त्याची. पाटी असू दे, कोयता असू दे, पूजा केल्याबिगर हातात घिऊ देत न्हाई. हळदीकुंकू लावती, दोन्ही हातांनी उचलून कपाळाला लावती. मला आधी चालू करून द्यावा लागतो. देवाचं तोंड उजळलेलं पायजे म्हनती."

"कपाळाला किती वेळ लावते?"

"पाच देवांची नावं व्हईपर्यंत."

मॅडम हसल्या. "उद्या मी येते. आज्जीला काही सांगू नकोस."

गुरुवारी अंगणात शंभराच्या वर माणसं होती. आज आबा कायमचे बांधले जाणार, असं भगतानं चार वस्त्यांवर कळवलं होतं. बनुबाईची पूजा झाली होती आणि टॅब नेमाप्रमाणे बोलत होता. पंकजाची पिशवी उंबऱ्याजवळ भरून ठेवलेली होती. तिच्यात कपडे दोन आणि पुस्तकं सहा होती.

"भगतकाका, तुमचा मंत्र मला मान्य आहे," मॅडम म्हणाल्या. "फक्त आज टॅब पाटावरच राहू दे. तुम्ही हात मागे बांधा आणि घालवा."

"मंत्राला हात लागतोच, बाई."

"रविवारी तर तुम्ही पाथर्डीहून सोडला होता."

"तेवढे लांब हात हायेत व्हय तुझे, वाल्मिक?" काकासाहेबांनी विचारलं, आणि किटल्यांकडच्या बाजूला हशा पिकला.

भगताचा नाइलाज झाला. हात मागे घेऊन त्यानं मंत्र सुरू केला. ओम् फट् झालं, रेंज फट् झालं, सॅटेलाईटलाही शपथ घालून झाली. अकरा मिनिटांनी काकासाहेबांनी पुढे होऊन काचेवर बोट टेकवलं.

"घड्याळ," टॅब म्हणाला. "नऊ वाजून सव्वीस मिनिटं."

"टायम बराबर सांगती," काकासाहेबांनी स्वतःचं घड्याळ बघून दाखला दिला.

"आज्जी, आता तुम्ही," मॅडम म्हणाल्या. "सकाळी जसा उचलता तसाच उचला."

बनुबाई जागची हलली नाही. "माझ्या हातानं घालवू यांना?"

"कोणाला घालवायचं नाही. नमस्कार करायचा, रोजच्यासारखा."

बनुबाईनं हात पदराला पुसले, टॅब दोन्ही बाजूंनी धरला आणि कपाळाला लावला. खंडोबा झाला, मोहटादेवी झाली, तिसऱ्या देवाला टॅब इंग्रजीत काहीतरी पुटपुटला. पंकजानं काचेवर बोट टेकवलं. आवाज नाही.

"परत करा," मॅडम म्हणाल्या.

पुन्हा तिसऱ्या देवाला तेच पुटपुटणं. पंकजानं बोट टेकवलं. "बॅटरी अठ्ठावन्न टक्के."

मॅडमनी टॅब उचलून त्याची उजवी कड सगळ्यांना दाखवली. "हे लांबडं बटण आवाजाचं. वरचं टोक दाबलं की आवाज वाढतो, खालचं दाबलं की कमी होतो. दोन्ही टोकं एकदम तीन सेकंद दाबून धरली, की टॅब वाचून दाखवायला लागतो. परत तसंच दाबलं, की थांबतो. आज्जींचा अंगठा नमस्कार करताना या बटणावर आडवा पडतो. भगतकाकांचा फडक्याच्या आत पडतो."

"मुळात हे ठेवलंच कशाला?" कोणीतरी विचारलं.

"हा टॅब आधी आमच्या शाळेच्या मोनिकाकडे होता. तिला दिसत नाही. तिच्यासाठी ही सोय चालू केली होती, ती तशीच राहिली. बोट ठेवलं की टॅब नाव सांगतो, दोनदा टॅप केलं की उघडतो, दोन बोटांनी ओढलं की पान सरकतं. याच आवाजावर मोनिका दहावी झाली. आता नगरला कॉलेजात आहे."

"मंग आबांचं नाव?" बनुबाईचा आवाज जेमतेम ऐकू आला.

याचं उत्तर पंकजानं दिलं. "आज्जी, आबांचं सिम आता दादा वापरत्यात. म्या जुन्या फोनातले नंबर जसेच्या तसे टॅबात घेतले. नाव बदलायचं राहिलं."

सगळ्यांचे डोळे भगताकडे वळले. तो फडक्याची घडी घालत होता.

"तुला ठावं हुतं का रं?" काकासाहेबांनी विचारलं.

"माझाबी फोन असाच बोलाया लागला हुता," भगत घडीकडेच बघत म्हणाला. "केडगावच्या दुकानदारानं दोन बटनं दाबून गप केला."

"मंग फडकं कशाला?" पंकजानं विचारलं.

"त्याबिगर लोक बसतेत का?"

यात खोटं काही नव्हतं. काकासाहेबांनी मात्र टॅब मागून घेतला आणि सहा वेळा आवाज आणून सहा वेळा घालवला. त्यांच्या मागे रांग लागली. अकरा वाजेपर्यंत बोरवंडमध्ये बेचाळीस भगत तयार झाले आणि बॅटरी एकतीस टक्क्यांवर आली. त्रेचाळिसावा झोळी घेऊन केव्हा उठून गेला, ते कोणाच्या लक्षातही आलं नाही.

अशा आवाजाला भिण्याआधी एवढंच करून पाहावं. तो येतो तेव्हा कोणाचा हात कुठे असतो, ते बघावं. जातो तेव्हाही बघावं. वहीचं एक पान तारखा घालून भरावं आणि जो कोणी उलगडा सांगेल त्याला हात मागे घ्यायला सांगावं. खरा उलगडा हात मागे घेतल्यावरही उरतो. पंकजानं आणि मॅडमनी जे केलं ते याहून जास्त नव्हतं, आणि त्याला मंत्र लागला नाही.

बारा वाजता फाट्यावर टेम्पोचा हॉर्न वाजला. पंकजानं पिशवीकडे बघितलं, मग आज्जीकडे.

बनुबाईनं टॅब कपाळाला लावला. आता तिला कारण माहीत होतं, तरी देव तिनं पाचच्या पाच घेतले. अंगठा तेवढा तिसऱ्या देवाला उचलला. आवाज आला. मोतीबिंदूनं तिला काचेवरची अक्षरं कधीच दिसली नव्हती. ती बोट सरकवत राहिली आणि हव्या त्या नावावर थांबली.

"कानिफनाथ. कॉल करण्यासाठी दोनदा टॅप करा."

तिनं दोनदा टॅप केलं. उसाच्या फडातून बिभीषणचा घामेजलेला चेहरा उमटला.

"आई? तू लावला फोन?"

"म्या लावला. टॅबात भूत न्हाई, बटन हाय. पोरगी येत न्हाई. टेम्पोवाल्याला सांग जायाला."

"पन भगत..."

"त्याचाबी फोन बोलत हुता. इचार त्याला."

बिभीषणनी टेम्पोवाल्याला फोन करायला मुकादमाचा मोबाईल मागून घेतला. हॉर्न थांबला. पंकजानं पिशवी उलटी करून पुस्तकं पलंगावर काढली आणि टॅब घ्यायला हात पुढे केला.

"आन आज्जी, दादांचं नाव टाकते आता. आबांचं काढते."

"राहू दे," बनुबाई टॅब न सोडता म्हणाली. "माझ्याच्यानं कधी घेतलं गेलं न्हाई ते नाव. त्याला घिऊ दे."